टू-डी इको नॉर्मल, मग गुठळी आली कुठून?

आयसीयूच्या बाहेर हा प्रश्न हमखास ऐकू येतो: "अहो, बाबांना झालंय डोक्यात, मग छातीवर जेली लावून काय बघतायत?" विचारणाऱ्याचा वैताग खरा असतो. सकाळी हातातला चहाचा कप पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. गावाकडच्या भाषेत, अंगावरून वारं गेलं. डोक्याचा सीटी झाला, एमआरआय झाला, आणि आता तिसऱ्या दिवशी हृदयाचा टू-डी इको. त्या रिपोर्टच्या तळाशी एक ओळ येते, की हृदयात गुठळी दिसली नाही. घरच्यांना हायसं वाटतं. चला, हार्ट तरी चांगलं आहे.

त्या ओळीवर जरा थांबायला हवं. 'गुठळी दिसली नाही' आणि 'गुठळी हृदयातून आली नव्हती' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रोज कोणती गोळी घ्यायची, कदाचित जन्मभर, हे पुष्कळदा त्या दोन वाक्यांमधल्या फरकावर ठरतं.

आधी रस्ता समजून घेऊ. शाळेत कर्णिका आणि जवनिका पाठ केल्या होत्या, त्या इथे कामाला येतात. फुप्फुसातून शुद्ध झालेलं रक्त डाव्या कर्णिकेत येतं, झडपेतून डाव्या जवनिकेत उतरतं आणि तिथून महाधमनीत फेकलं जातं. महाधमनी वर चढून जिथे कमानीसारखी वळते, तिथेच मेंदूकडे जाणाऱ्या फांद्या फुटतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं साधारण १५ टक्के रक्त एकटा मेंदू घेतो. डाव्या बाजूला कुठेही गुठळी धरली आणि सुटली, तर मेंदूपर्यंत जायला तिला काही सेकंद पुरतात.

अर्थात प्रत्येक पक्षाघाताचं मूळ हृदयात नसतं. काही झटके मेंदूत रक्तस्राव होऊन येतात. बाकीचे, म्हणजे बहुसंख्य, रक्तवाहिनी बुजून येतात. त्यांतही मानेतल्या धमनीत साचलेली चरबी असते, वर्षानुवर्षांच्या बीपी-शुगरने खराब झालेल्या बारीक वाहिन्या असतात. हृदयातून निघालेल्या गुठळीचा वाटा या बुजण्याच्या प्रकारात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा धरतात. हे झटके मात्र बरेचदा मोठे असतात आणि पुन्हा येण्याची भीती जास्त असते.

गंमत अशी, की हृदयावर पहिला संशय मेंदूच्याच चित्रातून येतो. गावात एकाच गल्लीत गढूळ पाणी आलं तर आपण त्या गल्लीची पाइपलाइन उकरतो. पण चार वाड्यांत एकाच दिवशी गढूळ पाणी आलं, तर सरपंच टाकीवर चढून बघतो. एमआरआयमध्ये ताजे डाग मेंदूच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांत दिसले, तर न्यूरॉलॉजिस्टही टाकीकडे बघतो. टाकी म्हणजे हृदय, किंवा महाधमनीची कमान.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती सगळ्यात महत्त्वाची आहे. पहिल्या काही तासांत इकोसाठी काहीही अडवून ठेवायचं नसतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्यासाठी आधी लागतो तो डोक्याचा सीटी. ताप आहे, झडपेवर जंतुसंसर्ग असल्याची दाट शंका आहे, अशा रुग्णाची गोष्ट वेगळी. तिथे ते इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मोठा असतो. बाकी हृदयाची चौकशी नंतर.

आता इको. या तपासणीचा जन्म स्वीडनमधल्या लुंड गावचा. इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि कार्ल हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. धातूच्या आत तडे आहेत का हे ध्वनिलहरी सोडून तपासायची यंत्रं तेव्हा जहाजबांधणीच्या कारखान्यांत वापरली जात. तसलंच यंत्र या दोघांनी १९५३ मध्ये माणसाच्या छातीला लावलं. एडलरना हवं होतं ते एकच: मायट्रल झडप, म्हणजे डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामधली झडप, किती आकसली आहे हे छाती उघडायच्या आधी कळावं. तत्त्व आजही तेच आहे. सेकंदाला २० ते ५० लाख कंपनं असलेला, आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज छातीत सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा. १५ सेंटिमीटर खोलवर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. जेली लावतात ती मधली हवा घालवायला, कारण हवेत हा आवाज पुढे सरकतच नाही.

एडलरना जी झडप बघायची होती ती आपल्याकडे अजून जुनी गोष्ट झालेली नाही. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, पुढे सांधे सुजतात आणि बरं वाटतं. घसादुखीच्या जंतूशी लढताना शरीराने स्वतःच्याच झडपेला इजा केलेली असते, हे वीस वर्षांनी कळतं. स्त्रियांमध्ये कधीकधी तर थेट बाळंतपणात दम लागला की कळतं. मायट्रल झडपेचं तोंड एरवी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडच्या खाली गेलं की आजार गंभीर. मागे रक्त तुंबतं, डावी कर्णिका फुगते, तिचे ठोके बेताल होतात, आणि संथ रक्तात गुठळी धरते. इकोच्या पडद्यावर हे संथ रक्त चुलीच्या धुरासारखं घुमताना दिसतं. डॉक्टर त्याला 'स्मोक'च म्हणतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासात कर्णिकेच्या बेताल ठोक्यांमुळे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमुळे, पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढलेला दिसला. जोडीला अशी आकसलेली झडप असेल तर १७ पट.

ही झडप साधा, छातीवरून केलेला इको उत्तम दाखवतो. आणि ती दिसल्यावर औषध बदलतं, म्हणून ती बघायलाच हवी. रक्त पातळ करायच्या हल्लीच्या नव्या गोळ्या सोयीच्या आहेत, त्यांना महिन्याच्या महिन्याला रक्त तपासावं लागत नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं, जुनी असिट्रॉम किंवा वॉरफरिन कशाला? पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतातले रुग्णही होते, संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या आणि ठोके बेताल झालेल्या रुग्णांमध्ये नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा जुनी औषधंच सरस ठरली. मृत्यूही कमी झाले. असा निकाल फारसा कुणाला अपेक्षित नव्हता. तेव्हा मायट्रल झडप बरीच आकसली असेल, तर आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारी, तपासणी करत राहावी, त्यातून सुटका शोधू नये.

साधा इको आणखी एक गोष्ट चांगली दाखवतो: डाव्या जवनिकेचं टोक. हृदयाच्या पुढच्या भागाला मोठा झटका येऊन गेला असेल, तर ते टोक आकुंचन पावत नाही, नुसतं पडून राहतं. न हलणाऱ्या कोपऱ्यात रक्त साकळतं. गुठळी जाड असेल तर दिसते. भिंतीला चिकटलेली पातळ असेल तर निसटते. शंका राहिली तर शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात रक्त उठून दिसावं म्हणून सोडायचं द्रव्य, देऊन पुन्हा इको करतात, नाहीतर हृदयाचा एमआरआय, जो या बाबतीत सगळ्यात भरवशाचा आहे. अशी गुठळी सापडली की साधारण तीन महिने रक्त पातळ करायचं औषध आणि मग पुन्हा चित्र. ते दुसरं चित्र बरेच जण काढतच नाहीत. बरं वाटू लागलेलं असतं.

आणि आता तो कोपरा, जिथे साधा इको हात टेकतो.

डाव्या कर्णिकेला एक खिसा असतो. सदऱ्याला आतून शिवलेला चोरखिसाच म्हणा, बोटाएवढा, आतून सुरकुत्यांचा. त्याचे आकारही मजेदार. डॉक्टरांनी त्यांना नावं दिली आहेत निवडुंग, फुलकोबी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि कोंबडीचा पंख. २०१२ च्या एका अभ्यासात कोंबडीच्या पंखासारखा खिसा असलेल्यांना पक्षाघात सगळ्यात कमी आढळला. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये कर्णिका आकुंचन न पावता नुसती थरथरते, आणि खिशातलं रक्त बाहेर फेकलंच जात नाही. झडपेचा आजार नसलेल्या अशा रुग्णांत कर्णिकेतल्या जवळजवळ ९० टक्के गुठळ्या या एकट्या खिशात सापडतात.

आणि हा खिसा छातीवरून धड दिसत नाही. मध्ये बरगड्या, फुप्फुसातली हवा, वरून तो लांब. रिपोर्टवर 'गुठळी नाही' लिहिणारा खोटं लिहीत नसतो. त्याने दिवाणखाना, स्वयंपाकघर, माजघर बघितलं. चोरखिशात हात घालता आला नाही.

म्हणून मागच्या दाराने जायचं. अन्ननलिका डाव्या कर्णिकेच्या अगदी पाठीला चिकटून खाली उतरते. करंगळीपेक्षा थोडी जाड लवचिक नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवली, की तिच्या टोकावरचा प्रोब कर्णिकेला जवळजवळ टेकतो. अंतर कमी, म्हणून जास्त बारकावा दाखवणारा आवाज वापरता येतो. याला टीईई, म्हणजे ट्रान्सइसोफेजियल इको, म्हणतात. खिशातली गुठळी दिसतेच, पण खिसा रिकामा असला तरी तो कसा रिकामा होतो हे मोजता येतं. रक्त बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या खाली असेल, तर आज नसलेली गुठळी उद्या होऊ शकते. महाधमनीच्या कमानीतला चरबीचा थर (४ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर धोक्याचा), झडपांवरचे जंतूंचे बारीक कोंब, कर्णिकांमधल्या पडद्याला लटकलेली मिक्सोमासारखी गाठ, हेही इथून स्पष्ट दिसतं.

रुग्णाच्या बाजूने ही तपासणी सुखाची नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. सहा तास पोट रिकामं, कवळी काढायची, घशात बधिर करणारा कडवट फवारा, थोडं गुंगीचं औषध, डाव्या कुशीवर झोपायचं. उबळ येते. दहा-वीस मिनिटांत संपतं. घसा बधिर असतो म्हणून नंतर तास-दीड तास पाणीही नाही. पक्षाघाताच्या रुग्णात एक जास्तीची काळजी असते. त्याचं गिळणं आधीच बिघडलेलं असू शकतं आणि लाळ फुप्फुसात जाण्याची भीती असते. गिळताना अन्न अडकत असेल किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर ते विचारण्याची वाट न बघता डॉक्टरांना आधी सांगावं.

मग ही तपासणी सगळ्यांची का करत नाहीत? कारण कधीकधी तिचं उत्तर काहीच बदलत नाही. ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन स्पष्ट दिसतंय, तर रक्त पातळ करायचं औषध तसंही लागणार आहे. खिशात गुठळी दिसली काय नि न दिसली काय. माझं मत विचाराल तर कुठलीही चौकशी लिहून दिली की आधी हे विचारावं: हिच्या उत्तरावर गोळी बदलणार आहे का? उत्तर 'हो' असेल तर नळी गिळायला हरकत नाही.

तरुण रुग्णात प्रश्न वेगळा असतो. पस्तिशी-चाळिशीतला माणूस, बीपी नाही, शुगर नाही, मानेतल्या वाहिन्या स्वच्छ. अशा वेळी दोन कर्णिकांमधल्या पडद्याची झडती होते. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं काम करत नसतात, म्हणून या पडद्यात एक झापडीचं दार असतं. जन्मानंतर ते मिटतं. साधारण चारांतल्या एकाचं पूर्ण मिटत नाही. पायाच्या शिरेत धरलेली बारीक गुठळी एरवी फुप्फुसात अडकून राहिली असती. या दारातून ती डावीकडे येऊन मेंदूत जाऊ शकते.

हे दार शोधायची युक्ती मला फार आवडते. ९ मिली सलाईन, १ मिली हवा, दोन सिरिंज. एकीतून दुसरीत जोरजोरात घुसळायचं, ताक घुसळावं तसं, की बारीक फेस होतो. तो हाताच्या शिरेतून सोडायचा. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू चांदण्यांनी भरून जाते. फुप्फुसं हे बुडबुडे गाळून टाकतात, म्हणून डावी बाजू काळीच राहायला हवी. रुग्णाला श्वास रोखून कुंथायला सांगतात, सोडायला सांगतात, आणि तीन ते पाच ठोक्यांत डावीकडे चांदण्या उगवल्या तर दार उघडं आहे. त्याहून बऱ्याच उशिरा आल्या तर वाट हृदयात नाही, फुप्फुसात असण्याची शक्यता जास्त. अडचण एवढीच, की ज्याची समजच पक्षाघाताने गेली आहे त्याला कुंथा म्हणून कसं सांगणार? मग पोट दाबून काम भागवावं लागतं.

दार सापडलं म्हणजे चोर सापडला असं मात्र नाही. चारांतल्या एकाकडे ते असतंच. २०१७ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांनी दाखवलं, की साठीच्या आतल्या, दुसरं कारण न सापडलेल्या निवडक रुग्णांत हे दार छत्रीसारख्या उपकरणाने बंद केल्यावर पुन्हा पक्षाघात कमी होतो. सत्तरीतल्या, बीपी-शुगर असलेल्या आजोबांच्या पडद्यातलं दार बहुधा निर्दोष असतं. ते बुजवून खरं कारण तसंच राहतं.

इथवर सगळी चित्रं झाली. पण सगळ्यात मोठा गुन्हेगार, एट्रियल फिब्रिलेशन, हा मुळात ठोक्यांचा बिघाड आहे. तो चित्रात नाही, ईसीजीच्या पट्टीवर सापडतो. आणि तो येतो-जातो. २०१४ च्या क्रिस्टल-एएफ चाचणीत कारण न सापडलेल्या रुग्णांच्या त्वचेखाली एक छोटा नोंदक बसवला. वर्षभरात १२.४ टक्के लोकांत हा बिघाड पकडला गेला. नेहमीच्या तपासण्यांवर ठेवलेल्या गटात फक्त २ टक्के. इको फक्त इशारा देतो, की कर्णिका फुगली आहे, लक्ष ठेवा.

नुसत्या इशाऱ्यावर औषध सुरू करावं का? हे करून बघितलं गेलं आहे. उगम न सापडलेल्या पक्षाघातात ॲस्पिरिनऐवजी रक्त पातळ करायची नवी औषधं देणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ आणि २०१९ मध्ये आल्या. दोन्हींत पक्षाघात कमी झाला नाही, आणि पहिलीत रक्तस्राव वाढला. मग ज्यांच्या कर्णिकेत बिघाडाच्या खुणा होत्या अशांनाच निवडून २०२४ मध्ये तिसरी आली, तिचाही निकाल तोच. संशयावरून शिक्षा इथे चालत नाही.

उलट्या दिशेची गोष्टही असते. कधी हृदयाने मेंदूचं बिघडवलेलं नसतं, मेंदूने हृदयाचं बिघडवलेलं असतं. मेंदूतला काही भाग हृदयाच्या नसांवर लगाम ठेवतो. त्याला इजा झाली की ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा येतो, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारं प्रथिन) वाढतं, ईसीजी बदलतो आणि इकोत हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगलेलं दिसतं. जपानमधल्या डॉक्टरांना तो आकार ऑक्टोपस पकडायच्या तोंड-अरुंद मडक्यासारखा वाटला, म्हणून त्याचं नाव ताकोत्सुबो. हे सहसा काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या इकोत हृदयाचं पंपिंग कमी, म्हणजे ३५ टक्के, दिसलं, तर ते पक्षाघाताचं कारण आहे की परिणाम, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. जुना इको घरी असेल तर तो शोधून आणा. रिपोर्टचा कागद आणा, आणि सीडी असेल तर तीही.

आता पुन्हा 'गुठळी दिसली नाही' या ओळीकडे. हृदयातून सुटलेली गुठळी सुटून गेलेली असते. मागे थोडी उरली असेल तर औषधांनी दोन-चार दिवसांत विरघळू शकते. अ‍ॅमस्टरडॅममधल्या डॉक्टरांनी याची परीक्षा घेतली. रुग्ण आल्या आल्या मेंदूचा सीटी होतोच. त्याच टेबलावर, त्याच वेळी हृदयाचाही सीटी काढला. सीटीत तो चोरखिसा स्पष्ट दिसतो. दोन्ही तपासण्या झालेल्या साडेतीनशे रुग्णांत सीटीवर हृदयातली गुठळी ७.१ टक्के जणांत दिसली. त्याच रुग्णांच्या छातीवरून केलेल्या इकोत ०.६ टक्के. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

सीटीलाही फसगत आहे. खिशातलं रक्त फार संथ असेल तर कॉन्ट्रास्ट तिथे उशिरा पोचतो आणि रिकामी जागा गुठळीसारखी काळी दिसते. मग थोडा वेळ थांबून दुसरी फेरी काढतात. उशिरा का होईना जागा भरली तर नुसतं संथ रक्त, काळीच राहिली तर गुठळी. कॉन्ट्रास्ट किडनीला सोसेल का ते बघावं लागतं, किरणांचा डोस थोडा वाढतो, आणि ही सोय अजून सगळीकडे नाही. जिथे नाही तिथे रिपोर्ट हातात आल्यावर निदान दोन गोष्टी विचारता येतात: हा इको झटक्यानंतर कितव्या दिवशी केला, आणि छातीवरून केला की अन्ननलिकेतून?